सरळ हात

त्र्यंबक रोडवर बस एका सर्कलच्या अलीकडे हळू झाली आणि पुढच्या ट्रकच्या चाकाखालची खडी उडून खिडकीवर आली. काच गेली. दोघी-तिघी किंचाळल्या, एका म्हाताऱ्यानं पिशवी तोंडापुढे धरली, कंडक्टर ‘लागलं का कुणाला, लागलं का’ करत मागे आला. कुणाला लागलं नव्हतं. खडीसाखर सांडावी तशी काच सीटवर आणि लोकांच्या मांडीवर पडली होती. तेजस्विनी तेवढी जागची हलली नाही. आवाज कानावर पडताच तिच्या मनात कुणीतरी म्हणालं होतं, ‘कडक केलेली हाय. हिचे दाणे पडत्यात, पाती पडत नाय. बस खाली.’ आणि मग, सगळे शांत झाल्यावर, ती दचकली. तो आवाज तिचा नव्हता. तो तिच्या वडिलांचा होता, त्यांच्या सायखेड्याच्या हेलासकट. वडील तर घरी होते, सातपूरला, मागच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले असणार. तिनं मांडीवरचे दाणे तळहातावर गोळा केले. शेजारची बाई म्हणाली, ‘अहो टाका, हात कापेल.’ ‘नाही कापत,’ तेजस्विनी म्हणाली, आणि हेही आपण त्यांच्यासारखंच म्हणालो असं तिला वाटलं. चौतीस वर्षांच्या आपल्या अंगात आपलं असं नेमकं किती आहे, हा प्रश्न गेले नऊ दिवस तिच्या मागे होता. आज तो बसमध्येही येऊन बसला.

नऊ दिवसांपूर्वी तिला गुजरातेतल्या एका कलासंस्थेचा ईमेल आला होता. काचकलेच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला तिची निवड झाली होती. देशभरातून बाराजण घेतले होते, त्यांत ती एक. उत्तर आज संध्याकाळी सहापर्यंत कळवायचं होतं. ती एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होती. सात वर्षं कंत्राटावर काढल्यावर कायम झाली होती आणि त्याला अजून तीन वर्षंही झाली नव्हती. दोन वर्षांची रजा मिळणार नाही, राजीनामाच द्यावा लागेल, असं ऑफिसनं सांगितलं होतं. फॉर्म तिनं स्वतःहून भरलाच नव्हता. तो भरला प्रतिभा मॅडमनी, तिच्याच विभागात शिकवणाऱ्या, तिच्याहून चार वर्षांनी लहान. तेजस्विनीनं फुटक्या ब्युरेटांच्या नळ्यांपासून केलेल्या काचेच्या भुईमुगाच्या शेंगा मॅडमनी स्टाफरूमच्या खिडकीत मांडल्या, फोटो काढले आणि पाठवून दिले. त्या शेंगांमध्ये दाणेही काचेचेच होते. ते आधी करून थंड करायचे, नळीत सोडायचे, मग दोन्ही तोंडं आगीवर आवळत आणायची. शेंग कानाशी धरून हलवली की आत खुळखुळायचं, इतकं हलकं की पंखा बंद केल्याशिवाय ऐकू येत नसे. सायखेड्याहून सुलाआत्या दरवर्षी शेंगांचं पोतं पाठवायची, त्यातली एक समोर ठेवून तिनं पहिली शेंग केली होती. कशासाठी केली ते तिला सांगता आलं नसतं. मुलाखतीत मात्र विचारलं गेलं ते दुसरंच.

मुलाखतीला तिघं बसले होते. त्यांत एक पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. त्यांच्या मनगटांवर भाजल्याचे जुने, चकचकीत डाग होते. ते डाग पाहून तेजस्विनीला उगाच धीर आला. बाईंनी शेंग हातात घेतली, उजेडाकडे धरली, बोटावर आडवी तोलली. ती कुठंच झुकली नाही. ‘कुठं शिकलात?’ त्यांनी हिंदीत विचारलं. ‘घरी,’ ती म्हणाली. ‘वडिलांकडे. ते प्रयोगशाळेची काच करायचे. कंडेन्सर, फ्लास्क.’ बाई हसल्या, वाईट नाही हसल्या. ‘दिसतंय. असा हात आमच्याकडे गेल्या वीस वर्षांत आला नाही. पण शेंग जमिनीत वाढते. खडा आडवा आला की वाकते. तुमची शेंग परीक्षानळीत वाढलेली आहे.’ मग त्यांनी ती अलगद टेबलावर ठेवली. ‘तुमचा हात फार सरळ आहे. तो मोडावा लागेल. पहिलं वर्ष तर त्यातच जाईल, कदाचित दुसरंही. तयारी आहे?’ तिनं मान हलवली होती. तेव्हा तिला ते कौतुकच वाटलं होतं. परतीच्या गाडीत, वापी गेल्यावर कधीतरी, त्या वाक्याचा खरा अर्थ तिच्या पोटात उतरला. तेव्हापासून तो तिथंच होता.

कारण तो हात तिला असा तसा मिळाला नव्हता. बसमधून उतरून कॉलनीच्या रस्त्यानं चालताना, मे महिन्याच्या त्या पांढऱ्या उन्हात, तिला वर्कशॉप दिसत राहिलं. सातपूरच्या एमआयडीसीत पत्र्याचं लांबट शेड, आत नऊ बर्नर एका ओळीत, आणि तिसऱ्यावर तिचे बाबा, जयराम. शाळेला सुटी असली की आईनं भरलेला डबा घेऊन ती जायची. आत शिरलं की आधी तो आवाज यायचा. ऑक्सिजन सोडला की ज्योत पिवळी फडफडायची थांबून निळी, टोकदार व्हायची आणि एकसारखी सूं करायची, नऊच्या नऊ. बाबांच्या डोळ्यांवर जांभळट काचेचा चष्मा, तोंडात फुंकायची रबराची बारीक नळी, आणि दोन्ही हात फिरत असलेले. ते फिरणं ती तासन्‌तास बघायची. डावा हात आणि उजवा हात, मध्ये तापून मऊ झालेली काच. दोन्ही हात एकाच गतीनं फिरले नाहीत तर काच पिळली जाते. बाबांचे हात वेगळ्या दोन माणसांचे असावेत आणि त्या दोघांचं आयुष्यात कधी भांडण झालेलं नसावं, तसे फिरायचे. एकदा त्यांनी आपला चष्मा तिच्या डोळ्यांवर चढवला होता. काचेभोवतीची पिवळी झळाळी एकदम नाहीशी झाली आणि आतली काच दिसली, नारिंगी, सावकाश फुगत असलेली, श्वास घेत असल्यासारखी. ‘मला शिकवा,’ ती म्हणाली होती. तेव्हा ती बारा वर्षांची होती. बाबांनी चष्मा काढून घेतला. ‘तू विहाराच्या अभ्यासिकेत जाऊन बस,’ ते म्हणाले. ‘हे शिकायचं नसतं.’ त्या दिवशी ती रडली होती, त्यांच्या डब्याच्या पिशवीत तोंड घालून. त्या पिशवीचा मेथीचा वास तिला अजून आठवत होता.

ते तसं का म्हणाले, हे आईनं तिला फार नंतर सांगितलं. ती चार वर्षांची असताना बाबा दुसऱ्या एका शहरात, एका सरकारी प्रयोगशाळेत नोकरीच्या चाचणीला गेले होते. दुहेरी भिंतीचा फ्लास्क करून दाखवायचा होता. बाकीच्या उमेदवारांना जेमतेम जमला, कुणाचा तडकला. बाबांनी तासाभरात केला. साहेबानं तो उजेडाकडे धरला, दोघातिघांना हाका मारून दाखवला. मग म्हणाला, ‘सर्टिफिकेट?’ बाबा सातवी शिकले होते. साहेबाला खरंच वाईट वाटलं असावं, त्यानं चहा पाजला. फ्लास्क त्यांनी ठेवून घेतला. ‘तो अजून असंल तिथं,’ आई म्हणाली होती, ‘कुणीतरी वापरत असंल. आपल्या घरात मात्र तेव्हापासून एकच बोलणं. पोरगी कागदानं शिकंल.’ आणि ती कागदानं शिकली. बीएस्सी झाली, नोकरीला लागली, लग्न केलं, ते दीड वर्षात संपलं, परत आली. मधल्या काळात वर्कशॉप बंद पडलं. मालकाच्या मुलांना त्यात रस नव्हता. बाबांनी आपला बर्नर घरी आणला, मागच्या ओट्यावर पत्रा टाकला आणि गावातल्या कॉलेजांची फुटकी काच दुरुस्त करायला लागले. मग डोळे गेले. आयुष्यभर ज्योतीकडे पाहिलेल्या माणसाचे जातात तसेच, आधी धुकं, मग धूर. ऑपरेशन झालं, पण एका डोळ्याचा पडदाच खराब निघाला. एका रविवारी एका कंडेन्सरच्या जोडाशी ते तीनदा चुकले. चौथ्यांदा त्यांनी ज्योत कमी केली आणि मागे न बघता म्हणाले, ‘तेजू, इकडं ये. तू बघ आन् मला सांग.’

असं तिचं शिक्षण सुरू झालं, एकोणतिसाव्या वर्षी. पहिले काही महिने ती नुसती त्यांचे डोळे होती. ‘लाल झाली. आता नारिंगी. डावीकडे जाड आहे.’ मग ते मागे उभे राहू लागले आणि आपले हात तिच्या हातांवर ठेवू लागले. त्यांच्या अंगठ्याची कातडी शिंपल्यासारखी गुळगुळीत होती, तिला कितीही गरम लागत नसे. ‘घाई नाय. हात सरळ. काच पळून जात नाय कुठं. सरळ.’ दोन वर्षांनी त्यांनी हात काढून घेतले. तिला कळलंसुद्धा नाही, ती नळी फिरवतच राहिली. मागे वळून बघितलं तर बाबा खुर्चीत जाऊन बसले होते आणि डोळे मिटून ज्योतीचा आवाज ऐकत होते. तो दिवस तिच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस होता, असं ती कुणापाशी म्हणाली नव्हती, पण तो होता. आता बाबांना साधी सुईही दिसत नाही. त्यांचा हात जगात उरलाय तो एकाच ठिकाणी. आणि गुजरातेतल्या त्या बाई म्हणतात, तो मोडावा लागेल.

घरी तिची आई लताबाई गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया उलटून खाली आली होती. ‘आज लवकर?’

‘हाफ डे टाकला.’

‘आज शेवटचा दिस ना?’ आईनं विचारलं. मग उत्तराची वाट न बघता पदरानं मान पुसत म्हणाली, ‘मी एकदाच बोलते, परत नाय बोलणार. कायमची नोकरी कुणी सोडतं का? चौतिसाव्या वर्षी दप्तर घेऊन शाळंत? आन् परत आलीस तर इथं कुठं हाय काचंची नोकरी?’

‘नाही कुठं.’

‘मग?’

‘माहीत नाही, आई.’

आईनं तिच्याकडे बघितलं. ‘तुझं तोंड नोकरीपायी नाय असं झालेलं,’ ती म्हणाली. ‘दुसरंच कायतरी हाय. जा, त्यांच्यापाशी बस. सकाळपासून तीनदा विचारलं, उत्तर पाठवलं का म्हणून.’

बाबा मागच्या ओट्यावर होते. निवडीची बातमी आली त्या दिवशी त्यांनी विहारात स्वतः पेढे वाटले होते, प्रत्येकाच्या हातात चाचपून एकेक. त्यांच्या दृष्टीनं प्रश्नच नव्हता. कागद मिळणार होता, आणि तोही काचेचा. इतक्या वर्षांत दोन्ही गोष्टी एका ठिकाणी येतील असं त्यांना कधी वाटलं नसावं. नऊ दिवस ही का गप्प आहे ते त्यांना उमगत नव्हतं, आणि बाई काय म्हणाल्या ते तिनं त्यांना सांगितलं नव्हतं. कोणत्या तोंडानं सांगायचं? ती त्यांच्या पायाशी पायरीवर बसली. पत्रा तापून मध्येच टणकन वाजत होता. शेजारच्या घरात मिक्सर चालू होता, तो थांबेपर्यंत ती थांबली.

‘बाबा, मुलाखतीतल्या बाई एक म्हणाल्या होत्या. मी तुम्हाला सांगितलं नाही.’

‘काय म्हणल्या?’

‘हात फार सरळ आहे म्हणाल्या. तो मोडावा लागेल. त्यातच वर्ष जाईल, दोन जातील.’

बाबांनी खुर्चीच्या हातावरची बोटं उचलली आणि परत ठेवली. तिला वाटलं, आता त्यांचा चेहरा बदलेल. तो बदलला, पण तिला वाटलं होतं तसा नाही. ते कुठंतरी लांबचं ऐकत असल्यासारखे झाले.

‘मोडतील,’ ते म्हणाले. ‘बरोबर हाय त्यांचं.’

‘बरोबर काय? तुमचा हात आहे तो.’

‘माझा कुठला?’ बाबा म्हणाले. ‘तो पिल्लैसाहेबाचा. वर्कशॉपात आमचा उस्ताद हुता, मद्रासकडचा. माझा हात येगळाच हुता, पोरी.’

आणि मग त्यांनी तिला जे सांगितलं ते तिनं चौतीस वर्षांत एकदाही ऐकलं नव्हतं. वर्कशॉपच्या आधी, सतराव्या वर्षी सायखेड्याहून निघून ते देवळाली कॅम्पात राहिले होते. तिथं बाजारात फिरोजाबादचा युसूफचाचा नावाचा एक माणूस टेबल मांडून बसायचा. टेबलाखाली पायानं हलवायचा भाता, वर रॉकेलची ज्योत, आणि रंगीत काचेच्या कांड्या. त्यातून तो हंस, हरणं, घोडे काढायचा. फौजी लोकांच्या बायका-मुलं भोवती गर्दी करायची. बदली झाली की जाताना ही हरणं कापसात गुंडाळून कुठं कुठं घेऊन जायची, जोधपूरला, पठाणकोटला. बाबा त्याच्यापाशी तीन वर्षं होते. ‘नळी नाय, माप नाय, काय नाय. कांडी तापवायची आन् वढायची. मान वढली की मान व्हायची. प्रत्येक हरणाचं तोंड येगळं. चाचा म्हणायचा, जानवर खुद बताता है.’ मग चाचा गावी गेला तो आलाच नाही, आणि बाबा सातपूरला कामाला लागले. पिल्लैसाहेबानं पहिल्याच दिवशी त्यांचा हात बघितला आणि सांगितलं, हा खेळण्याचा हात आहे, इथं चालणार नाही. ‘एक वर्ष माझं एक काम पास झालं नाय. रोज संध्याकाळी मी केलेलं सगळं तो पिंपात टाकायचा. माझ्या डोळ्यांदेखत. खळ्ळ करून. मी आयटीआयच्या भिंतीमागं जाऊन रडायचो. इसाव्या वर्षाचा बाप्या.’

‘मग?’

‘मग एक दिस हात सरळ झाला. मला कळलंबी नाय कधी.’

स्वयंपाकघराच्या दारातून आईचा आवाज आला. ती केव्हापासून तिथं उभी होती कोण जाणे. ‘मला दिलं हुतं एक हरीण,’ ती म्हणाली. ‘लग्न ठरल्यावर. हिरवं हुतं. एवढंसं.’ तिनं बोटानं दाखवलं. ‘शेवटचंच हुतं म्हणे. मी ते मिसरीच्या डबीशेजारी ठेवायची.’

‘कुठं आहे?’ तेजस्विनी वळून म्हणाली.

‘फुटलं. तू रांगत हुतीस, वढून पाडलंस आन् त्यावरच आलीस. तुझ्या गुडघ्यावर वण हाय ना, तो त्याचाच.’

तिनं नकळत गुडघ्यावर हात ठेवला. तो वण तिला माहीत होता, नखाएवढा, पांढरा. लहानपणी पडले असेन, एवढंच तिनं त्याच्याबद्दल गृहीत धरलं होतं. बाबा हसत होते. ‘मी म्हणलं जाऊ दे, काचच ती,’ ते म्हणाले. तिला हसू आलं नाही. तिच्या मनात ते बाबा उभे राहू पाहत होते ज्यांना तिनं कधी पाहिलंच नव्हतं. वीस वर्षांचे, सैलसर हातांचे, समोर पोरांची गर्दी, आणि काय निघणार आहे ते स्वतःलाही माहीत नसलेले. ते उभे राहीनात. तिला दिसत होते ते तिसऱ्या बर्नरवरचेच बाबा, शिस्तीचे, कमी बोलणारे, मोजून हसणारे. तिला आवडणारे बाबा म्हणजे पिल्लैसाहेबानं केलेले बाबा होते.

ती उठली, शेल्फवरून एक काचेची कांडी घेतली आणि त्यांच्या हातात दिली. ‘हरीण कसं करायचे, दाखवा. नुसतंच. ज्योत नाही लावत.’

बाबांनी कांडी चाचपली, सरसावून बसले. डावा हात स्थिर, उजवा पुढे. मान खाली घालून त्यांनी हवेत काहीतरी तापवलं, थांबले, ओढलं. बोटं क्षणभर उचलल्यासारखी झाली. आणि मग दोन्ही हात फिरायला लागले, एका गतीनं, सरळ, नळी फिरवतात तसे. त्यांनी ते थांबवले. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा त्यांनी कांडी मांडीवर ठेवून दिली. ‘पाय आधी का मान आधी, तेच आठवत नाय,’ ते म्हणाले. ‘गेलं ते.’

आई आत निघून गेली. तेजस्विनीला वाटलं, आपण हे विचारायला नको होतं. पण बाबांच्या चेहऱ्यावर दुःख होतं असं म्हणता आलं नसतं. एखाद्या जुन्या गावाचं नाव आठवत नाही तेव्हा माणूस जसा होतो तसे ते झाले होते. ‘वाईट वाटतं?’ तिनं विचारलं.

‘वाटायचं. लय वर्सं वाटायचं. कॅम्पाकडं जायचोच नाय मी.’ त्यांनी मांडीवरची कांडी तिला परत दिली. ‘पन जे आलं ते खोटं नव्हतं ना. तुला ते येतंय आता.’

‘तेच म्हणतेय मी. मी गेले आणि ते माझ्यातूनही गेलं, तर कुठं राहील?’

‘कुठं ऱ्हायाला पाहिजे?’ बाबा म्हणाले. ‘मी वापरलाय तो हात पुरता. माझं त्यात काय उरलं नाय. तुला सोबतीला पाहिजे असंल तर ठेव. माझ्यासाठी नको ठेवू.’

त्यांनी डोळे मिटले. ती पायरीवर बसून राहिली. सोपं झालं असतं, जर ते म्हणाले असते की हात मोडतो आणि परत येतो. तसं ते म्हणाले नव्हते. शिक्षण आधीचं काही घेऊनही जातं, हे तिनं आत्ता डोळ्यांनी पाहिलं होतं. ते हरीण त्या बोटांत कुठंच शिल्लक नव्हतं. दोन वर्षांनी आपणही कुणाला तरी असंच सांगू का, की नळी कशी फिरवायची ते आठवत नाही? तिला भीती वाटली, आणि भीतीबरोबर असंही वाटलं की ही भीती बाबांसाठी नाही. नऊ दिवस ती ते स्वतःला बाबांच्या नावानं सांगत होती. त्यांचे हात आपल्या हातांवर होते ती दोन वर्षं, ती तिला हवी होती. नळी फिरवताना ती परत मिळायची. रोज संध्याकाळी बर्नर लावून ती शेंगा करत नव्हती, ती त्या ओट्यावर परत जाऊन उभी राहत होती, मागे कुणीतरी असल्यासारखी.

चार वाजून गेले होते. तिनं केस बांधले, चष्मा लावला, बर्नर पेटवला. नळी घेतली. एक वाकडी शेंग करायची, एवढंच तिनं ठरवलं. ज्योत निळी झाली, काच मऊ झाली, तिनं फुंकलं, आवळलं, आणि शेंग झाली. सरळ. दुसरी केली, तीही सरळ. तिसरीला तिनं मनाशी म्हटलं, इथं खडा आहे, इथं वळ. हात वळले नाहीत. दोन्ही हात इतक्या शहाण्यासारखे फिरत होते की तिला त्यांचा राग आला. चौथ्या वेळी तिनं मुद्दाम डावा हात खाली पाडला. काच वाकली, पण ती शेंग वाकल्यासारखी वाटेना, सरळ शेंगेला कुणीतरी धक्का दिल्यासारखी वाटली. तिनं सायखेड्याच्या पोत्यातली एक खरी शेंग आणून शेजारी ठेवली. त्या शेंगेच्या कमरेतला बाक, टोकाशी आलेली चोच, जाळीदार साल, एकाही गोष्टीला कारण नव्हतं असं नाही. मातीत काहीतरी आडवं आलं होतं आणि ती त्याला मान देऊन वाढली होती. हे आपल्याला येत नाही. हे ओढून आणता येत नाही. बाबांनाही ते येत होतं तेव्हा ते तीन वर्षं एका माणसाच्या शेजारी बसून आलं होतं. घरात बसून ती सरळ हात जन्मभर जपू शकली असती, आणि त्यातून जन्मभर परीक्षानळीतल्या शेंगा आल्या असत्या. नीटनेटक्या. खिडकीत ठेवण्यासारख्या.

तिनं ज्योत विझवली. ऑक्सिजन बंद केल्यावर जी शांतता होते ती झाली, आणि तिच्यात बाबांचा आवाज आला. ते झोपले नव्हते. ‘चार केल्यास,’ ते म्हणाले. ‘चौथीला हात चुकला.’

‘चुकवला.’

‘मग नीट चुकवायला शीक,’ बाबा म्हणाले.

तिनं पायरीवर बसून फोनवर उत्तर लिहिलं. दोन ओळींचं होतं, तरी तिला वीस मिनिटं लागली. पाठवल्यावर ती आत जाऊन आईला सांगून आली. आई कुरडयांचं पातेलं घासत राहिली. दोन दिवस ती काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं शिवणाचा डबा काढला आणि तेजस्विनीच्या जुन्या ॲप्रनच्या खिशांना दुहेरी टीप घालून दिली. कॉलेजात प्राचार्यांनी राजीनाम्यावर सही करण्याआधी विचारलं, ‘विचार केलात ना?’ प्रतिभा मॅडम दारात उभ्या होत्या. त्यांनी दुसरीकडे बघितलं. त्यांचे डोळे भरले होते आणि अपराधीही दिसत होते. जायच्या दिवशी बाबा स्टेशनवर आले नाहीत. ‘मला गर्दीत दिसत नाय,’ म्हणाले. त्यांनी दारातच तिचे दोन्ही हात हातात घेतले, अंगठ्यांनी तिचे तळवे एकदा चाचपले आणि सोडून दिले.

संस्थेतले पहिले तीन दिवस ओळखी आणि नियमांत गेले. वर्गात सगळ्यांत मोठी तीच होती. बाकीचे तिला आधी मॅडम म्हणाले, मग दीदी. चौथ्या दिवशी सकाळी त्यांना काचेच्या भट्टीपाशी नेलं. पांढऱ्या केसांच्या त्या बाईंनी भट्टीचं दार सरकवलं आणि एकेकाला पुढे बोलावलं. दुपारच्या सुटीत तिनं घरी फोन लावला. बाबांनी उचलला. जेवलीस का, खोली कशी आहे, मोडायला लागले का हात, सगळं विचारून झाल्यावर ते जरा घुटमळले.

‘तिथं काच पातळ केलेली असती म्हणत्यात,’ ते म्हणाले. ‘पाण्यावानी. बघितलीस का?’

‘आज बघितली.’

‘आपल्याकडं नळ्या आल्या, कांड्या आल्या. कुणीतरी आधीच आकार देऊन पाठवलेल्या. मी चाळीस वर्सं काच तापवली, पन तिला नुसती कधी बघितली नाय. आकाराबिगर.’ त्यांचा आवाज एकदम तरुण झाला होता. ‘कशी दिसती गं?’

तिनं सांगायला तोंड उघडलं. मधासारखी म्हणावं तर मध एवढा जिवंत नसतो. उन्हासारखी म्हणावं तर ऊन एवढं जड नसतं. ती हलत नव्हती आणि स्थिरही नव्हती. तिच्यात तळ दिसत नव्हता. दार उघडलं तेव्हा चेहऱ्यावर आधी उष्णता आली, मग उजेड, आणि मग तिला काही वेळ काहीच आठवलं नव्हतं, सातपूर नाही, तिसरा बर्नर नाही, कुणीच नाही. हे ती त्यांना कसं सांगणार होती?

‘सांग ना,’ बाबा म्हणाले.

‘सांगता येत नाही, बाबा. तुम्ही याच. लख्ख उजेड आहे, तुम्हाला दिसेल.’

मागून आई विचारत होती, काय म्हणती, काय म्हणती.

‘माळ्यावरची बॅग काढ,’ बाबा आईला म्हणाले.